माशीगळ आणि लहान मूल : अल्पमोली साधनांची निवड

गळाने मासे धरण्याची कला भारतात सर्वत्र आढळते. बांबूची काठी, साधी दोरी, लोखंडी गळ आणि आमिषासाठी गांडूळ एवढ्या साहित्यावर ती भागते. नदीकाठच्या खेड्यातील मूल ती थोरांचे पाहून आपोआपच आत्मसात करते. याच कुळातील माशीगळाला मात्र श्रीमंतांच्या छंदाची कीर्ती लाभलेली आहे. पिसे आणि लोकर गळावर बांधून तयार केलेली नकली माशी पाण्यावर अलगद टाकावयाची आणि ती खरा कीटक समजून वर येणाऱ्या माशाला पकडावयाचे, असे या प्रकाराचे स्वरूप आहे. त्यासाठी लागणारी काठी, रीळ, दोरी व माशा ही सामग्री परदेशी आणि महाग असते, असा सर्वसाधारण समज आहे. लहान मुलाने हा छंद शिकण्याची इच्छा दर्शविली, तर पालकांपुढे दोनच मार्ग दिसतात: एक तर भारी किमतीची सामग्री घ्यावी, नाही तर खेळण्यांच्या दुकानातील रंगीत संच देऊन मुलाची समजूत घालावी. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. त्यांची चूक कोठे आहे, हे समजण्यासाठी माशीगळाचे तंत्र थोडक्यात जाणून घेणे आवश्यक आहे.

खेळाचे भारतातील आगमन

माशीगळाचा भारतातील इतिहास ट्राउट या माशाशी निगडित आहे. हा थंड पाण्यातील मासा मूळचा भारतीय नव्हे. १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून आणलेल्या ट्राउटची काश्मीरमध्ये यशस्वी पैदास झाली. १९०९ मध्ये कुलूच्या खोऱ्यात हा मासा सोडण्यात आला. दक्षिणेत निलगिरीच्या उंच प्रदेशातील ओढ्यांतही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने मूळ धरले. आज काश्मीरमधील लिद्दर, हिमाचल प्रदेशातील तीर्थन, ऊल व पब्बर, तसेच केरळमधील मुन्नारच्या परिसरातील जलाशय हे या माशासाठी प्रसिद्ध आहेत.

आरंभीच्या काळात हा छंद बहुतांशी इंग्रज अधिकारी, मळेवाले आणि संस्थानिक यांच्यापुरता सीमित होता. त्यांची सामग्री इंग्लंडहून येत असे, आणि खेळाबरोबर तिच्याभोवतीचे वलयही येथे रुजले. स्वातंत्र्यानंतर या नद्यांतील मासेमारीचे नियमन राज्यांच्या मत्स्य विभागांकडे आले. परवाना काढून कोणाही नागरिकाला तेथे गळ टाकता येतो. परंतु नदी सर्वांना खुली झाली, तरी काठी न परवडणाऱ्या मुलासाठी ती बंदच राहते. स्वस्त सामग्रीचा प्रश्न म्हणूनच केवळ काटकसरीचा नाही.

माशी फेकली जात नाही, दोरी फेकली जाते

साध्या गळात दोरीच्या टोकाशी शिशाचा गोळा किंवा वजनदार आमिष असते. फेकताना हे वजन पुढे जाते आणि हलकी दोरी त्याच्यामागून ओढली जाते. नकली माशीला मात्र नाव घेण्याजोगे वजनच नसते. ती नुसती फेकू म्हटले, तर पायाशीच पडेल. यावरील उपाय असा की, वजन दोरीलाच द्यावयाचे. माशीगळाची दोरी जाड, गुळगुळीत लेप दिलेली आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असते. काठीने ही दोरी मागे उडवितात; ती मागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबतात आणि मग पुढे लोटतात. मागे गेलेल्या दोरीच्या ओढीने काठी धनुष्यासारखी वाकते आणि सरळ होताना दोरीला पुढे ढकलते. माशी शेवटी जाऊन पडते, ती केवळ दोरीच्या मागोमाग.

या तत्त्वातून निवडीचा पहिला नियम निघतो: दोरीचे वजन आणि काठीचा लवचीकपणा यांचा मेळ बसला पाहिजे. हा मेळ ठरविणे सोपे व्हावे म्हणून अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने १९६१ मध्ये दोरीच्या वजनाचे क्रमांक निश्चित केले. तेच आज जगभर रूढ आहेत. दोरीच्या पहिल्या तीस फुटांचे, म्हणजे सुमारे ९ मीटरचे वजन यासाठी विचारात घेतात. क्रमांक ४ च्या दोरीत हे वजन सुमारे ७.८ ग्रॅम, क्रमांक ५ मध्ये ९.१ ग्रॅम आणि क्रमांक ६ मध्ये १०.४ ग्रॅम असते. काठीच्या मुठीच्या वरच्या बाजूस तिला योग्य असा क्रमांक छापलेला असतो. ज्या काठीवर असा कोणताच क्रमांक नाही, ती माशीगळासाठी केलेली असण्याचा संभव कमी, असे समजावे.

मुलाच्या बाबतीत येथे एक विशेष अडचण उद्भवते. क्रमांक ५ ची दोरी साधारणपणे दर मीटरला एक ग्रॅम भरते. प्रौढ माणूस सहज ९ ते १२ मीटर दोरी हवेत खेळवितो. आठ-दहा वर्षांचे मूल आरंभी ५-६ मीटरपलीकडे जात नाही. त्यातही दोरीचा पुढचा भाग निमुळता असल्याने काठीवर येणारा भार पाच ग्रॅमांच्या आसपासच राहतो. एवढ्या भाराने ताठ काठी वाकत नाही. ती न वाकल्यामुळे दोरी पुढे जात नाही आणि मूल मग बळ लावून हात झाडू लागते. दोरी अधिकच गुरफटते. दोष असतो साधनाचा. मूल मात्र तो आपल्या हाताचा मानते आणि काही दिवसांत काठी कोपऱ्यात उभी करते.

खेळण्याच्या संचातील आखूड, ताठ काठी आणि कमी वजनाची दोरी नेमका हाच परिणाम घडवून आणते. वडिलांची नऊ फुटी, महागडी, ताठ काठी दिली तरीही निष्पत्ती तीच. पहिला मार्ग स्वस्त व दुसरा महाग असला, तरी फसवणूक दोहोंत सारखीच आहे.

काठी

मुलासाठी सात ते आठ फुटांची, म्हणजे २.१ ते २.४ मीटर लांबीची, क्रमांक ४ किंवा ५ ची आणि मुठीपासून शेंड्यापर्यंत सावकाश वाकणारी काठी योग्य ठरते. अशा मऊ काठीला बाजारात आज फारसा भाव नाही, ही गोष्ट पालकांच्या पथ्यावर पडणारी आहे. १९७३ मध्ये कार्बन तंतूंची काठी अमेरिकेच्या बाजारात आली आणि हलक्या, ताठ, दूरवर फेकणाऱ्या काठ्यांचे युग सुरू झाले. त्याआधीची काचतंतूंची काठी मागे पडली. ती थोडी जड असते, पण वाकते उत्तम, धसमुसळा वापर सोसते आणि जुन्या वस्तूंच्या व्यवहारात अनेकदा अल्प किमतीत मिळते. मुलाच्या हातासाठी हेच गुण हवेत.

जुनी काठी घेताना चार गोष्टी तपासाव्यात. पहिली गोष्ट सांध्यांची: काठीचे तुकडे एकमेकांत घट्ट बसले पाहिजेत आणि हलविल्यावर खडखड आवाज येता कामा नये. दुसरी गोष्ट कड्यांची: ज्या कड्यांतून दोरी सरकते, त्यांतून कापसाचा लहानसा बोळा फिरवावा, जेथे तंतू अडकतील तेथे चीर आहे, आणि ती नवी दोरी थोड्याच दिवसांत खरवडून टाकील. तिसरी गोष्ट दांड्याची: नखाने चाचपून तडा आहे का ते पाहावे. चौथी गोष्ट मुठीची: मुलाची बोटे तिच्याभोवती पुरती वळली पाहिजेत. मूठ बुचाची असेल, तर पॉलिश कागदाने घासून ती बारीक करता येते. शेंड्याकडील दोन-तीन इंच तुटलेली काठी मात्र टाकाऊ समजू नये. टोकाची कडी पुन्हा बसविल्यास ती किंचित ताठ होते, परंतु शिकण्यासाठी चालते. आणि अशी काठी बहुधा नाममात्र किमतीत मिळते.

काठी थोडी ताठ निघाली, तर तिच्यावर छापलेल्या क्रमांकापेक्षा एका क्रमांकाने जड दोरी लावावी. क्रमांक ५ च्या काठीवर क्रमांक ६ ची दोरी लावल्यास कमी अंतरावरही काठीला पुरेसा भार मिळतो आणि मुलाला दोरीची ओढ हातात जाणवते.

दोरी आणि रीळ

हाताशी असलेल्या रकमेचा मोठा वाटा दोरीवर खर्च करावा. नवशिक्यांचा क्रम बहुधा उलटा असतो: रीळ चकचकीत घेतात आणि दोरी मिळेल ती लावतात. वस्तुतः लहान ट्राउटच्या मासेमारीत रीळ हे दोरी गुंडाळून ठेवण्याचे साधन आहे. मासा ओढताना दोरी डाव्या हाताने आत घेतली जाते. यास्तव अगदी साधे, हलके आणि सुरळीत फिरणारे रीळ पुरेसे होते. अंगणातील सरावासाठी तर तेही लागत नाही. पतंगाच्या फिरकीवर गुंडाळलेल्या दोरीनेही काम भागते.

पाण्यावर तरंगणारी आणि दोन्ही टोकांकडे निमुळती असलेली दोरी सर्वांत काटकसरीची ठरते. तिचे एक टोक झिजले की, ती उलटी करून दुसरे टोक वापरता येते. या दोरीची लांबी साधारणतः २७ मीटर असते. मुलाला दहा मीटरहून अधिक दोरी क्वचितच लागत असल्याने, घरात किंवा शेजारी दोन मुले शिकणारी असतील, तर दोरी मधोमध कापून प्रत्येकाला साडेतेरा मीटरचा तुकडा देता येतो. प्रत्येक तुकड्याला एक निमुळते टोक मिळते. कापलेल्या टोकाला मागे काही मीटर साधी, न कुजणारी बारीक दोरी जोडावी. अर्थात अशी कापलेली दोरी मग उलटी करता येत नाही; परंतु एका दोरीच्या किमतीत दोन मुलांची सोय होते.

जुनी दोरी विकत घेताना ती बोटांभोवती वळवून पाहावी. लेपाला भेगा पडलेल्या असल्यास त्यांतून पाणी शिरते आणि दोरी बुडू लागते. नुसती मळलेली दोरी मात्र सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुतली असता पुन्हा तरंगते.

दोरी आणि माशी यांच्यामध्ये पारदर्शक नायलॉनचा निमुळता धागा असतो. त्याला अग्रधागा म्हणता येईल. तयार अग्रधागे विकत घेण्याचे कारण नाही. मासेमारीच्या दुकानांत सहज मिळणाऱ्या तंगुसाचे चार जाडीचे तुकडे एकापुढे एक गाठून तो घरी बनविता येतो: ०.४५ मिलिमीटर जाडीचा तुकडा ९० सेंटिमीटर, ०.३५ जाडीचा ५०, ०.२५ जाडीचा ४० आणि शेवटी ०.१८ जाडीचा ५० सेंटिमीटर. एकूण लांबी गाठी धरून सव्वादोन मीटरच्या आसपास राहते. प्रत्येक गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी. कोरड्या गाठीत घर्षणाने उष्णता निर्माण होऊन तंगूस दुबळा होतो. शेवटचा तुकडा माशा बदलताना आखूड होत जातो, तेवढाच नवीन जोडावा.

काठी आणि दोरी एवढेच

एवढाही खर्च शक्य नसेल, तर रीळ आणि फेकण्याची दोरी दोन्ही वगळून माशीगळ करता येतो. हा काटकसरीतून निघालेला दुय्यम प्रकार नसून या कलेचे तेच प्राचीन रूप आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी क्लॉडियस ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील एका नदीवरील मासेमारीचे वर्णन केले आहे. तेथील लोक गळावर तांबडी लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची दोन पिसे बांधीत. त्यांची काठी सहा फुटांची आणि दोरीही तेवढीच असे. रिळाचा त्यात उल्लेख नाही. जपानमधील डोंगरी ओढ्यांवर ‘तेनकारा’ या नावाने हीच पद्धत टिकून राहिली असून अलीकडच्या काळात तिचा इतर देशांतही प्रसार झाला आहे.

सुमारे तीन मीटर लांबीचा, बारीक शेंड्याचा वाळलेला बांबू यासाठी घ्यावा. शेंड्याला साडेतीन मीटरच्या आसपास निमुळती दोरी पक्की बांधावी. ही दोरी तंगुसाचे चार पदर एकत्र पिळून सुरू करावी. पुढे तीन, मग दोन आणि अखेरीस एक पदर ठेवावा. नायलॉन येण्यापूर्वी युरोपात घोड्याच्या केसांच्या दोऱ्या अशाच पदर कमी करीत वळल्या जात. पिळलेल्या भागाचे वजन माशी पुढे नेण्यास पुरेसे होते. सहा-सात मीटर रुंदीच्या ओढ्यावर, दगडाआडच्या पाण्यात माशी टाकावयास मुलाला याहून अधिक काही लागत नाही.

या साध्या काठीला भारतात लाजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील कारागीर बांबूच्या चिरफळ्या एकमेकींना चिकटवून काठ्या घडवू लागले, तेव्हा त्यांचा कच्चा माल कलकत्त्याच्या बंदरातून जात असे आणि ‘कलकत्ता वेत’ या नावाने ओळखला जात असे. तो वेत नसून भरीव जातीचा भारतीय बांबू होता. पुढे चीनमधील बांबूने त्याची जागा घेतली. ज्या काठ्या साहेबांच्या सामानातून येथे आल्या, त्यांच्या कुळाच्या आरंभी भारतीय बांबूचाही वाटा होता.

माशा

नवशिक्या मुलाच्या माशा झाडांत, गवतात आणि दगडांत हरवतात. त्या घरी बांधता आल्या, तर हा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. १२ व १४ क्रमांकाचे गळ आणावेत. गळांच्या मापात क्रमांक वाढला की आकार लहान होतो, हे ध्यानात ठेवावे. तपकिरी, करड्या किंवा काळ्या लोकरीचा एक धागा, गावठी कोंबड्याच्या मानेचे पीस आणि शिवणाचा दोरा एवढे साहित्य पुरे. गळाच्या दांडीवर लोकर गुंडाळावी, डोळ्याजवळ पिसाचे दोन-तीन वेढे द्यावेत, दोरा आवळून गाठ मारावी आणि तिला नखपॉलिशचा एक थेंब लावावा. मासा माशीची कारागिरी पाहत नाही. आकार आणि वाहण्याची रीत पाहतो.

पिसांच्या बाबतीत एक मर्यादा पाळलीच पाहिजे. करड्या रानकोंबड्याची मानेवरील पिसे एके काळी परदेशी माशांसाठी फार मागणीत होती आणि त्यापायी दक्षिण भारतातील या पक्ष्याची मोठी हत्या झाली. हा पक्षी आज वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. पाळीव कोंबड्याचे पीस कोणत्याही रानपक्ष्याच्या पिसाइतकेच उपयोगी पडते, हे मुलाला पहिल्या माशीबरोबरच सांगावे.

जेथे काटकसर करू नये

काही गोष्टी स्वस्त आहेत, पण वगळण्याजोग्या नाहीत. हवेत वेगाने फिरणारा गळ डोळ्याला इजा करू शकतो. म्हणून मुलाच्या आणि शिकविणाऱ्याच्याही डोळ्यांवर साधा चष्मा व डोक्यावर काठाची टोपी असावी. प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाकावा. त्यामुळे गळ बोटात रुतला तरी सहज निघतो आणि सोडून द्यावयाचा लहान मासाही जखमी होत नाही. पहिले काही आठवडे सराव मैदानावर, गळाऐवजी लोकरीचा लहान गोंडा बांधून करावा. सहा मीटर दोरी बाहेर असताना मागे थांबलेल्या क्षणी मुलाला हातात ओढ जाणवली, तर साधनांचा मेळ जमला असे समजावे.

पाण्यात उतरण्याचे रबरी पोशाख मुलासाठी मुळीच घेऊ नयेत. यात बचत आहेच, पण खरे कारण निराळे आहे. हिमालयातील नद्यांचे पाणी बर्फाचे असते आणि अनेक नद्यांवर जलविद्युत प्रकल्प आहेत. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी धरणातून अकस्मात सोडलेल्या पाण्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले २४ विद्यार्थी वाहून गेले. आकाश निरभ्र असतानाही नदी क्षणात चढते. मुलाने काठावरूनच, मोठ्यांच्या सोबतीने आणि धरणाखालच्या पात्रापासून दूर राहून माशी टाकावी. आखूड दोरीच्या साधनांचा हाही एक लाभ आहे की, ती मुलाला काठाशी ठेवतात.

परवान्याची काटकसरही करू नये. प्रत्येक राज्याचे परवाना, माशांची संख्या व लांबी यांविषयीचे नियम आहेत. हिमाचल प्रदेशात नोव्हेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण हा त्याचा विणीचा काळ होय. जेथे ट्राउट नाही, तेथील मुलानेही निराश होण्याचे कारण नाही. मैदानी नद्यांतील चिल्वासारखे लहान रुपेरी मासे पृष्ठभागावरील कीटक टिपतात आणि बारीक माशीवरही येतात.

उपसंहार

खर्चाचा क्रम अशा रीतीने स्पष्ट होतो: प्रथम दोरी, मग तिला साजेशी मऊ काठी, त्यानंतर गळ व तंगूस, आणि सर्वांत शेवटी रीळ. ज्याच्यापाशी पहिल्या दोन वस्तूंपुरतेही पैसे नाहीत, त्याच्यासाठी बांबू आहे. महाग साधन मुलाला शिकवीत नाही आणि खोटे साधन त्याला शिकू देत नाही. जे साधन मुलाच्या हाताला तत्काळ उत्तर देते तेच खरे, मग त्याची किंमत काहीही असो. असे साधन मिळालेले मूल पाण्याकडे पाहू लागते: कोणता कीटक उडतो आहे, प्रवाह कोठे मंदावतो, मासा कोणत्या दगडाआड उभा आहे. एकदा ही नजर आली की, त्या नदीत कचरा पडला किंवा तिचे पाणी आटले, तर त्याची पहिली खबर त्या मुलालाच लागते.